बिऱ्हाड चाकांवर

‘सध्या मुक्काम कुठे?’ पुण्याहून नणंदेचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न हाच. पूर्वी ती तब्येत विचारायची. २०१७ साली आम्ही मिशिगनमधलं राहतं घर विकलं आणि चाकांवरच्या घरात राहायला गेलो, तेव्हापासून प्रश्नांचा क्रम बदलला. तिच्या पत्त्यांच्या वहीत आमचा पत्ता ती आता पेन्सिलीनं लिहिते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आमचं ट्रकच्या पाठीवर आहे. पुढे डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यातल्या हिचवर टेकवलेली चौतीस फुटी गाडी. अशा सगळ्या गाड्यांना अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हणतात. आमच्या जातीचीला ‘फिफ्थ व्हील’. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं. दोन बाजूंच्या भिंती हळूहळू बाहेर सरकतात आणि बसायच्या खोलीला खोली म्हणावं इतकी रुंदी येते. तीन शेगड्या, फ्रिज, न्हाणीघर, झोपायची खोली, डोक्यावर कपाटं. सगळं मिळून सव्वातीनशे चौरस फूट भरेल.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं, शिवाय मे महिन्यात पाहुणे. त्यामुळे कमी जागेत कसं राहावं हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. वस्तू वापरली की जागच्या जागी, अंथरूण उचललं की खोली मोकळी, आणि एकाला राग आला की दुसऱ्यानं गॅलरीत जाऊन उभं राहायचं. ह्यांचं तसं नाही. हे साताऱ्याकडच्या वाड्यातले. पहिले सहा महिने ह्यांचं डोकं रोज एकदा तरी कपाटावर आपटायचं आणि प्रत्येक वेळी दोष कपाटाचा असायचा.

घर विकणं सोपं होतं, घरातलं सामान निकालात काढणं कठीण गेलं. मुलगा-सून सिएटलला, मुलगी टोरांटोला. आमचं शिसवी कपाट, आठ माणसांचं टेबल, चांदीची ताटं यांतलं दोघांनाही काही नको होतं. इथल्या माझ्या पिढीच्या मराठी घरांतून हा एक मोठाच प्रश्न होऊन बसला आहे. जरीच्या साड्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे मुलांना नकोत, आणि भारतात परत न्यावेत तर घेणारं कोणी उरलेलं नाही. मी सहा साड्या ठेवल्या. कुकर ठेवला, त्याच्या शिट्टीनं शेजारचे लोक पहिल्या दिवशी दचकतात, दुसऱ्या दिवशी वरणाची कृती विचारायला येतात. देवांपैकी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आमच्याबरोबर आहेत. गणपतीत सुपारीचा गणपती मांडते. विसर्जन बादलीत, कारण आम्ही जिथे राहतो तिथल्या नदी-तळ्यांत काहीही सोडायला मनाई असते, आणि ही मनाई आल्या-गेल्याला सांगायचं काम आमचंच असतं.

ते काम काय, हे सांगण्याआधी पहिल्या वर्षाबद्दल थोडं सांगायला हवं. त्या वर्षी आम्ही फक्त हिंडलो. बासष्ट वर्षांवरच्यांना इथे केंद्र सरकारच्या उद्यानांचा आजन्म पास मिळतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याची किंमत दहा डॉलरवरून ऐंशी झाली. आम्ही अर्थातच ऑगस्टच्या आधी काढून ठेवले होते. त्या पासांवर ग्रँड कॅन्यन पाहिलं, झायन पाहिलं, यलोस्टोनची गरम पाण्याची कारंजी पाहिली. सगळं सुंदर होतं, त्यात शंका नाही. पण सात-आठ महिन्यांनी युटामधल्या एका मुक्कामी जेवणं झाल्यावर ह्यांनी विचारलं, ‘अगं, उद्या आपण कुठे वेळेवर पोचलो नाही, तर कोणाचं काही अडेल का?’ मी म्हटलं, ‘कोणाचं काय अडणार?’ नोकरीची चाळीस वर्षं आम्ही याच उत्तराची वाट पाहिली होती. प्रत्यक्ष मिळालं तेव्हा मात्र दोघांनाही ते ऐकायला बरं वाटलं नाही.

निवृत्त माणसाला विश्रांती हवी असते, असं आपण सगळे धरून चालतो. माझं मत तसं नाही. त्याला बॉस नको असतो, लोकलची गर्दी नको असते. पण सकाळी कुणीतरी आपली वाट पाहावी हे त्याला हवंच असतं. पुण्यातले माझे दीर बँकेचं पासबुक भरून आणायला आठवड्यातून दोनदा जातात, त्याला कारण पासबुक नाही.

आमच्या पुढच्या मुक्कामी कॅम्पग्राउंडच्या दारातच एक जोडपं दुसऱ्या आरव्हीत राहत होतं. गणवेशासारखे शर्ट, छातीवर ‘व्हॉलंटियर’ अशी पट्टी. त्यांनी आम्हाला हा रस्ता दाखवला. हिशेब सरळ आहे. सरकारकडे लाखो एकर जंगलं, उद्यानं, अभयारण्यं आहेत आणि माणसं कमी. निवृत्तांकडे वेळ आहे, आणि आरव्हीवाल्यांकडे तर स्वतःचं घरही आहे. सरकारनं गाडी उभी करायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी द्यायची. आपण काम द्यायचं. आमचं ठरलेलं असतं ते प्रत्येकी आठवड्याला चोवीस तास, किमान तीन महिने. पगार नाही. राष्ट्रीय उद्यानांना स्वयंसेवक घेण्याची मुभा देणारा कायदा १९७० चा, वन्यजीव खात्याला ती १९७८ साली मिळाली. काम करताना दुखापत झाली तर नुकसानभरपाई मात्र सरकारी नोकराप्रमाणे मिळते, हे मी मुद्दाम सांगते. कारण भारतातून हा प्रश्न हमखास येतो.

गेले आठ हिवाळे आम्ही न्यू मेक्सिकोत बोस्के देल आपाचे नावाच्या अभयारण्यात काढले. स्पॅनिश नाव आहे, ‘आपाचे लोकांचं वन’ असा अर्थ. रिओ ग्रांदे नदीच्या काठी सुमारे सत्तावन्न हजार एकर जागा, १९३९ साली राखून ठेवलेली. ती राखली सँडहिल क्रेन नावाच्या पक्ष्यांसाठी. क्रौंचाच्या कुळातला, साडेतीन-चार फूट उंच, राखी रंगाचा, कपाळावर लाल टिळा. उन्हाळ्यात हे पक्षी आयडाहो, मोन्टाना, वायोमिंगमध्ये अंडी घालतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास इथे उतरतात. १९४१ साली इथे फक्त सतरा क्रेन मोजले गेले होते. आता चांगल्या हिवाळ्यात ते हजारोंनी येतात, आणि त्याहून जास्त पांढरे बदक-हंस.

रात्री हे पक्षी उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्हा-कायोटी आला तर पाण्याच्या आवाजानं कळतं. डिसेंबरात पहाटे त्यांच्या पायांभोवती बर्फाची पातळ साय धरलेली असते. सूर्य वर आला की एकेक कुटुंब पाय सोडवून घेतं, मान पुढे झुकवतं आणि उडतं. कुटुंब म्हणजे आई, बाप आणि त्या वर्षीचं पिल्लू. पिल्लाला वाट ठाऊक नसते. पहिल्या प्रवासात ते आई-बापांच्या मागून येऊन शिकतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला जशी माणसं जमतात, तशीच इथे पहाटे साडेसहाला कॅमेरे घेऊन जमतात. गाड्या कुठे लावायच्या, बांधावर कुठे उभं राहायचं, आणि कृपा करून मोठ्यानं बोलू नका, हे सांगायला मी तिथे असते. अंगात थर्मलचे दोन थर, वर खात्याचं जाकीट, डोक्याला माकडटोपी. एका भाच्यानं आमच्या या जगण्याला ‘वानप्रस्थ’ म्हटलं होतं. त्याला मी तो फोटो पाठवला.

दिवसा मी व्हिजिटर सेंटरमध्ये असते. नकाशे द्यायचे, पुस्तकांच्या दुकानाचा गल्ला सांभाळायचा, शाळेच्या मुलांना गोष्टी सांगायच्या. मुलं एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, ती व्हूपिंग क्रेनची. हा पांढराशुभ्र मोठा क्रेन १९४०च्या सुमारास जगात जेमतेम दोन डझन उरला होता. १९७५ पासून आयडाहोत एक प्रयोग झाला. व्हूपिंगची अंडी सँडहिलच्या घरट्यात ठेवायची. दत्तक आई-बाप पिल्लं वाढवतील आणि हिवाळ्यात बोस्केला घेऊन येतील. तसं झालंही. पांढरी पिल्लं राखी आई-बापांबरोबर हजारो फूट उंचीवरून बिनचूक इथे आली. पण मोठी झाल्यावर ती आपल्या जातीच्या पक्ष्याशी जोडी जमवीनात. आपण कोण, हेच त्यांना उमगलं नव्हतं. १९८९ साली प्रयोग थांबवला आणि त्यांतला शेवटचा पक्षी २००२ साली दिसेनासा झाला. अल्बुकर्कीहून आलेल्या एका मराठी मंडळींच्या घोळक्याला मी हे सांगितलं, तेव्हा आई-बाप एकमेकांकडे बघून हसले आणि मुलं इंग्रजीत विचारू लागली, काय झालं म्हणून.

ह्यांचं काम पाण्याचं. पूर्वी रिओ ग्रांदेला पूर यायचे, पात्र बदलायचं, पाणथळ आपोआप तयार व्हायची. धरणं झाली आणि पूर थांबले. आता तोच पूर हातानं आणावा लागतो. शेताला बांध घालावेत तसे तुकडे पाडलेले आहेत. कुठला कधी भरायचा, कधी सुकवायचा, हे पाटाच्या दारांवरून ठरतं. उन्हाळ्यात जमीन थोडी ओली ठेवली तर पक्ष्यांना लागणारं गवत-बी उगवतं, हिवाळ्यात वर पाणी सोडलं की ते त्यांच्या चोचीला लागतं. अमेरिकेत येण्याआधी ह्यांनी महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात तीन वर्षं नोकरी केली होती. मिशिगनमध्ये मोटारींच्या सुट्या भागांत आयुष्य गेलं, आणि सत्तरीनंतर हे पुन्हा पाटावर आले. ‘माझं प्रमोशन झालं, इंजिनिअरचा पाटकरी झालो,’ असं सगळ्यांना सांगतात. आजूबाजूच्या गावांत जुन्या स्पॅनिश वळणाचे सामाईक पाट आहेत, त्यांना ‘असेकिया’ म्हणतात. गाव मिळून साफ करतं, आणि ‘मायोर्दोमो’ नावाचा एक माणूस पाळीपाळीनं पाणी सोडतो. ह्यांनी तिथल्या एका शेतकऱ्याला धुळे-नाशिककडची फडपद्धत कागदावर काढून दाखवली. दोघंही दोन तास उन्हात उभे होते.

जानेवारीत ट्रॅक्टरनं मका पाडायचा असतो. मका पक्ष्यांसाठीच पेरलेला. उभ्या कणसापर्यंत चोच पोचत नाही, म्हणून रोज थोडा पाडून देतात. पक्षी इथे जेवले की आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं वाचतात. शिवाय सॉल्ट सीडर नावाचं झुडूप तोडायचं. ते मूळचं आशियाकडचं, धूप थांबवायला म्हणून एकोणिसाव्या शतकात आणलेलं, आणि आता नदीकाठ गिळून बसलं आहे. आपल्याकडची वेडी बाभूळ डोळ्यांपुढे आणा. ती बया अमेरिका खंडातून तिकडे गेली, ही इकडे आली.

मार्चच्या सुमारास पक्षी गेले की काही आठवड्यांनी आम्हीही त्यांच्याच वाटेनं उत्तरेला निघतो. उन्हाळ्यात मोन्टानातल्या एका सरकारी कॅम्पग्राउंडचे ‘होस्ट’ असतो. नाव यजमानाचं, काम असं : सकाळी शेकोट्यांमधली राख काढायची, अस्वलं येऊ नयेत म्हणून खरकटं नीट पेटीत टाकलंय का पाहायचं, आणि सहा संडास धुवायचे. पाण्याचे नव्हेत, खोल टाकीवर बांधलेले. हे मी पहिल्या वर्षी नणंदेला फोनवर सांगितलं आणि पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘वहिनी, दादानं हातात झाडू घेतलेला आईनं पाहिला असता तर?’

मला तिचा राग आला नाही. मोलकरणीला कपबशी वेगळी असलेल्या घरांतच आम्ही सगळे वाढलो. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात उभं आयुष्य संडाससफाईच्या कामात घातलं, सेनापती बापट पारनेरला पहाटे झाडू घेऊन निघत. शाळेत आम्ही त्यांच्यावर निबंध लिहिले आणि घरी येऊन हात वर करून बसलो. मोन्टानात माझ्याबरोबर संडास धुणारी बाई हायस्कूलची निवृत्त मुख्याध्यापिका होती, आणि ह्यांचा जोडीदार सर्जन. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला मात्र अजून थोडं वाटतं. नाहीतर इथे एवढं लिहिलं नसतं.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे. चाकांवर राहणारे सगळेच आमच्यासारखे हौसेनं बाहेर पडलेले नसतात. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात, आणि त्यावरच्या, २०२१ साली ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटात, अशी म्हातारी माणसं आहेत, ज्यांचं घर मंदीत गेलं आणि पेन्शनवर भाडं परवडेना. आम्हाला ती वाटेत भेटतात. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर हिवाळाभर थोडक्या पैशांत गाडी उभी करता येते. तिथे लाखोंच्या गाडीशेजारी जुनी व्हॅन उभी असते. त्या व्हॅनमधला माणूस ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाकडे शुगर बीटच्या हंगामाला जाऊन आलेला असतो, थंडीत बारा-बारा तासांच्या पाळ्या करून. बीडकडची ऊसतोड टोळी साखर कारखान्याच्या आवारात कोप्या घालते, त्याची मला आठवण होते. इथे कोपीला चाकं आहेत, आणि कोपीतलं माणूस सत्तर वर्षांचं आहे.

आणि फुकट काम करून आपण कोणाच्या पोटावर पाय देतो का, हाही प्रश्न आहेच. स्वयंसेवकानं पगारी नोकराची जागा घ्यायची नाही, असा नियम आहे. पण २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नोकरकपात केली, राष्ट्रीय उद्यानांच्याच खात्यातले सुमारे हजार प्रोबेशनवरचे लोक काढले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, काहींना परत घेतलं. त्या दिवसांत आम्हा स्वयंसेवकांत रोज वाद व्हायचे. एक गट म्हणायचा, आपण जास्त तास देऊ, पक्ष्यांचा काय दोष? दुसरा म्हणायचा, आपण भोक बुजवलं तर ते कोणाला दिसणारच नाही. मी दुसऱ्या गटात होते, हे पहिल्या. मुलांच्या वयाची, नुकतं वन्यजीवशास्त्र शिकून आलेली पोरं नोकरीच्या धास्तीत फिरत असताना माझ्यानं त्यांच्या वाट्याचं काम हौस म्हणून करवेना. मी माझे चोवीस तास भरले. पंचविसावा दिला नाही.

मुलांची काळजी वेगळी आहे. ‘आई, पुढे काय?’ आमचा कायदेशीर पत्ता साउथ डकोटातला आहे, म्हणजे टपाल पुढे पाठवणाऱ्या एका कचेरीतली पेटी. तिथे एक रात्र राहिल्याची पावती दाखवली की ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. त्या पेटीत आजारी पडता येत नाही. बोस्केला आमच्या शेजारच्या जागेवर ओहायोची एक बाई होती, एकोणऐंशी वर्षांची. तिचा नवरा एका उन्हाळ्यात गेला. ऑक्टोबरात ती एकटीच परत आली. गाडी मुलानं ओढून आणून दिली. तीन हिवाळे तिनं गल्ल्यावर काढले. गॅसचा सिलिंडर बदलायला हे जायचे, टाकी उपसायला आणखी कोणी. गेल्या वर्षी ती आली नाही. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन गावी ‘एस्केपीज’ या आरव्हीवाल्यांच्या क्लबनं अशांसाठी एक सोय केली आहे. आपली गाडी आयुष्याची शेवटची म्हणून तिथे लावायची. जेवण, धुणं, डॉक्टरकडे नेणं-आणणं तिथली माणसं करतात. घर तेच, फक्त ट्रक विकून टाकायचा. ती तिथे आहे. फोनवर म्हणाली, चाकाखाली ठोकळे लावले त्या दिवशी जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशी लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मागून घेतलं.

ह्यांना मागच्या वर्षीपासून रात्रीचं नीट दिसत नाही. डॉक्टरांनी दिवसा चालवायला परवानगी दिली आहे, पण चौतीस फुटी गाडी मागे घेताना आरशातला अंदाज चुकतो, हे ह्यांनीच सांगितलं. चुकलं हे सांगायला ह्यांना तीन आठवडे लागले, एवढंच. मार्चपासून ट्रक मी चालवते. बोस्के ते मोन्टाना हजार मैलांच्या वरची वाट, आम्ही नऊ दिवस घेतले. कोलोरॅडोच्या घाटात मागे ट्रकांची रांग लागली, तेव्हा हे शेजारी नकाशा मांडीवर घेऊन गप्प बसले होते. उतार संपल्यावर म्हणाले, ‘गिअर चांगला धरलास.’ एकूण पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

पुढच्या हिवाळ्याचे फॉर्म परवा आले. कामांच्या यादीपुढे हो किंवा नाही अशी खूण करायची असते. ह्यांनी ट्रॅक्टरपुढे ‘नाही’ केलं, पेन थोडा वेळ तसंच धरलं, आणि पाटाच्या दारांपुढे ‘हो’ केलं. मग माझा फॉर्म पुढे ओढून ट्रॅक्टरच्या ओळीवर बोट ठेवलं. ट्रॅक्टर चालवायचं प्रशिक्षण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे.